सेवा घेतली, बोनस नाकारला : काँग्रेस सदस्य श्री ठाणेदार यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री ठाणेदार,
सदस्य, अमेरिकेचे प्रतिनिधिगृह,
तेरावा मतदारसंघ, मिशिगन

विषय : लष्करी सेवेच्या लेखी करारात कबूल केलेला बोनस, सेवा पूर्ण करून घेतल्यानंतर कार्यालयीन त्रुटीचे कारण देऊन नाकारण्याबाबत

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या लष्करात आधी पूर्णवेळ आणि पुढे राखीव दलात अधिकारी म्हणून सेवा करून निवृत्त झालेला मी एक मराठी माणूस आहे. मी आपल्या मतदारसंघात राहत नाही, त्यामुळे माझे वैयक्तिक प्रकरण आपल्या कार्यालयाने हाती घ्यावे अशी विनंती या पत्रात नाही. ती करायची तर मला माझ्या प्रतिनिधीकडेच जायला हवे, आणि तसा मी गेलोही आहे. आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, हा प्रश्न कोणा एका अधिकाऱ्याच्या किंवा एका कार्यालयाच्या सद्भावनेने सुटणारा नाही. तो कायद्यात राहून गेलेल्या एका रिकाम्या जागेतून निर्माण झाला आहे आणि ती जागा भरण्याचा अधिकार फक्त अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला आहे. मराठीत लिहितो आहे, कारण बेळगावात वाढलेले आपण ते वाचू शकता आणि इथल्या ज्या मराठी घरांतली मुले-मुली लष्करात जाण्याचा विचार करीत आहेत, त्या घरांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आधी वस्तुस्थिती सांगतो. पूर्णवेळ सेवेतून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांची राखीव दलाला कायम गरज असते. त्यांच्या प्रशिक्षणावर सरकारचा खर्च आधीच झालेला असतो, अनुभव असतो, आणि असा अधिकारी नागरी नोकरीत कायमचा रमला की तो पुन्हा गणवेशात येत नाही. म्हणून ज्या शाखांमध्ये अधिकारी कमी आहेत, त्या शाखांत ठरावीक वर्षे सेवा करण्याच्या लेखी हमीच्या बदल्यात बोनस दिला जातो. मला देऊ केलेली रक्कम दहा हजार डॉलरची होती आणि बदल्यात तीन वर्षांची सेवा मागितली होती. करारपत्राचा नमुना सरकारचा, मजकूर सरकारचा, रक्कम सरकारने लिहिलेली. त्यावर माझी सही, साक्षीदाराची सही आणि दलाच्या वतीने नेमलेल्या प्रतिनिधीची सही. राज्याचे आणि तुकडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एखाद्या कार्यालयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही आणि तिथली माणसे आज बदललेलीही आहेत.

मी रुजू झालो, महिन्याच्या शनिवार-रविवारच्या कवायती आणि उन्हाळी शिबिरे सुरू झाली, बोनस मात्र आला नाही. विचारले की उत्तर मिळे, प्रक्रिया सुरू आहे. कराराची मुदत संपत आली तेव्हा कळले की करार वैध नाही. कारण असे की, प्रत्येक बोनससाठी वरिष्ठ कार्यालयाकडून एक नियंत्रण क्रमांक घ्यावा लागतो, तो सही होण्यापूर्वी घ्यायला हवा होता, आणि माझ्या बाबतीत तो सहीनंतर घेतला गेला. म्हणजे मी पात्र होतो, जागा रिकामी होती, शाखा टंचाईच्या यादीत होती, क्रमांकही अखेरीस मिळाला होता. फक्त दोन तारखांचा क्रम उलटा झाला. हा क्रमांक मागण्याचे काम अधिकाऱ्याचे नसते. ज्या संगणक प्रणालीत तो मागितला जातो ती अधिकाऱ्याला उघडताच येत नाही. धोरणाला अपवाद करावा असा अर्ज मी रीतसर वरिष्ठांच्या मार्फत केला, माझ्या कमांडरने त्याला पाठिंबा दिला, आणि काही ओळींच्या एका पत्राने तो फेटाळला गेला. त्या पत्रात माझ्या सेवेबद्दल आभार मानले होते, हे मात्र नमूद करायला हवे.

असे प्रकरण माझे एकट्याचे असते तर मी ते गिळून टाकले असते. लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचे निर्णय नावे काढून टाकून प्रसिद्ध होतात आणि ते वाचायला कोणालाही मोकळीक आहे. ते चाळले की हाच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. कुठे क्रमांक उशिरा घेतलेला, कुठे करारपत्राच्या परिशिष्टावरची एक सही राहून गेलेली, कुठे करारावरची तारीख शपथेच्या तारखेशी न जुळणारी, कुठे फॉर्मची जुनी आवृत्ती वापरलेली, तर कुठे मूळ कागदच हरवलेला. कागद भरणारा सरकारचा माणूस, तपासणारा सरकारचा माणूस, आणि त्रुटी निघाली की भुर्दंड मात्र सैनिकाला.

नियंत्रण क्रमांकाच्या पद्धतीला माझा विरोध नाही, हे इथेच स्पष्ट करतो. ती पद्धत किती आवश्यक आहे हे कॅलिफोर्नियाने दाखवून दिले. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत माणसे कमी पडू लागली तेव्हा पंधरा हजार डॉलर आणि त्याहूनही मोठे बोनस देण्यात आले. कॅलिफोर्निया नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे त्या राज्याच्या राखीव लष्करी दलात, ते इतक्या सैलपणे वाटले गेले की तिथल्या बोनसचे काम पाहणाऱ्या एका मास्टर सार्जंटने १.५२ कोटी डॉलरच्या खोट्या दाव्यांबद्दल २०११ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर हिशेबतपासणी झाली आणि सुमारे ९,७०० आजी-माजी सैनिकांना, त्यांतल्या कित्येकांना युद्धभूमीवरून परतल्यावर दहा-दहा वर्षांनी, बोनस परत करा अशा नोटिसा गेल्या. व्याज लागले, पगारातून कापले गेले, घर विकावे लागेल की काय अशी धास्ती पडली. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ही बातमी छापली आणि चारच दिवसांत संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांना वसुली थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला सही झालेल्या वार्षिक संरक्षण कायद्यात काँग्रेसने तरतूद केली की, कॅलिफोर्निया गार्डमध्ये २००४ ते २०१५ या काळात दिल्या गेलेल्या बोनसची छाननी व्हावी, आणि आपण पात्र नाही हे सैनिकाला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते असे पुराव्यांच्या तोलाने सिद्ध झाल्याशिवाय वसुली माफ करावी.

हे योग्यच झाले. त्या सैनिकांनी करार पाळला होता, काही त्यात जखमी झाले होते, आणि कार्यालयातल्या गैरव्यवहाराची शिक्षा त्यांना होणे अन्यायाचे होते. परंतु या तरतुदीच्या कडेला उभे राहून पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसते. एकाच तुकडीतल्या दोघांनी एकाच महिन्यात सारखेच करार केले, दोघांच्या कागदांत सारखीच त्रुटी राहिली, दोघांनी सारखीच सेवा केली असे धरा. पहिल्याचे पैसे त्रुटी ध्यानात येण्यापूर्वी बँकेत जमा झाले. दुसऱ्याचे होण्यापूर्वी कोणा कारकुनाच्या ती लक्षात आली. पहिल्याच्या बाजूने कायदा उभा राहिला, कारण त्याच्याकडून काही परत घ्यायचे होते. दुसऱ्यासाठी त्या कायद्यात एक ओळही नाही, कारण त्याला कधी काही दिलेच नव्हते. प्रामाणिकपणा दोघांचा सारखा, सेवा सारखी, आणि फरक पडला तो पैसे सोडणाऱ्या माणसाच्या चपळाईने किंवा संथपणाने. दिलेले परत मागू नये एवढे काँग्रेसने २०१६ मध्ये मान्य केले. कबूल केलेले द्यावे, हे मान्य करायचे राहिले आहे, आणि या पत्राचा सगळा भार त्या राहिलेल्या गोष्टीवर आहे.

आपण म्हणाल, लेखी करार आहे तर न्यायालयात का जात नाही? इथेच सामान्य माणसाची समजूत आणि लष्करी वेतनाचा कायदा यांची फारकत होते. खाजगी कंपनीने नोकरीवर येताना बोनस कबूल केला, माणसाने ठरलेली वर्षे काम केले आणि मग कंपनी म्हणाली की आमच्या हिशेब विभागाने आतला फॉर्म उशिरा भरला म्हणून पैसे मिळणार नाहीत, तर कुठल्याही राज्यातला न्यायाधीश त्या कंपनीला उभे करणार नाही. सैनिकाला मात्र पहिल्याच पानावर १९६१ चा ‘बेल’ खटला दाखवला जातो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खाजगी करारांचे नियम लष्करी वेतनाच्या क्षेत्रात लागू होत नाहीत. सैनिकाचा हक्क कायद्यातून येतो, करारातून नाही. सरकारी वकील हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रकरणात वापरतात. गंमत अशी की ज्या खटल्यातले हे वाक्य आहे, तो खटला सरकार हरले होते. कोरियन युद्धात कैदी झालेले आणि सुटकेनंतर मायदेशी यायला नकार देऊन चीनमध्ये गेलेले तीन माजी सैनिक कैदेतल्या काळाचा पगार मागत होते. सरकारचे म्हणणे, यांनी निष्ठा सोडली, म्हणजे करार मोडला, मग पगार कसला? न्यायालयाने उत्तर दिले की करार मोडला की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, कायदा कैद्याला पगार देतो, तेव्हा तो द्यावा लागेल. शत्रूच्या बाजूला गेलेल्यांना ज्या तत्त्वाने पगार मिळाला, त्याच तत्त्वाच्या आधाराने आज तीन वर्षे इमाने सेवा केलेल्या अधिकाऱ्याला कबूल केलेला बोनस नाकारला जातो. यावर मला आणखी काही लिहावेसे वाटत नाही.

१९७७ चा ‘लॅरिऑनॉफ’ खटला सैनिकाच्या बाजूचा आहे आणि तो अधिक जवळचा आहे. नौदलात भरती होताना काही खलाशांनी मूळ मुदतीच्या पुढे आणखी सेवा करण्याचे लेखी कबूल केले, कारण त्यांच्या कामाच्या प्रकाराला बोनस लागू होता. १९७२ मध्ये नौदलाने तो प्रकार यादीतून काढला आणि वाढीव सेवा सुरू होण्याची वेळ आली तेव्हा सांगितले की आता बोनस नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताच्या वतीने निकाल दिला की, खलाशाने ज्या क्षणी जास्तीच्या सेवेला स्वतःला बांधून घेतले, त्या क्षणी जे नियम होते त्यांनुसार बोनस द्यावा लागेल. माणसाला सेवेत राहण्याचा मोह पडावा म्हणून काँग्रेसने हा बोनस निर्माण केला, आणि निर्णय घेतल्यानंतर तो बदलता येऊ लागला तर त्याचा उद्देशच नष्ट होतो. निकाल पाच विरुद्ध चार असा निसटता होता, पण निकाल तो निकाल. आजच्या बोनसच्या कायद्यातही असेच आहे की, लेखी करार खात्याने स्वीकारला की बोनसची एकूण रक्कम निश्चित होते.

मग अडते कुठे? ‘स्वीकारला’ कोणी, यावर. आम्ही म्हणतो, दलाच्या प्रतिनिधीने सही केली, सेवेत घेतले, कामाला लावले, म्हणजे करार स्वीकारला. कार्यालय म्हणते, आमच्या अंतर्गत धोरणानुसार क्रमांक मिळाल्याशिवाय त्या प्रतिनिधीला स्वीकारण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून करार जन्मलाच नाही. आणि अधिकार नसलेल्या सरकारी माणसाच्या शब्दावर कोणी विसंबला तर काय होते, ते १९९० च्या ‘रिचमंड’ खटल्यात ठरून गेले आहे. नौदलाच्या आस्थापनेत वेल्डर असलेल्या आणि अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्या एका माणसाने, जास्तीचे काम केले तर निवृत्तिवेतनावर परिणाम होईल का, असे आपल्या जुन्या कार्यालयात जाऊन विचारले होते. तिथल्या कर्मचाऱ्याने बदललेला नियम न पाहता जुनी माहिती आणि जुना छापील कागद दिला. त्यावर विसंबून त्याने काम केले आणि सहा महिन्यांचे निवृत्तिवेतन, म्हणजे ३,९९३ डॉलर, गमावले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी कर्मचाऱ्याचा सल्ला कितीही चुकीचा असला तरी, काँग्रेसने कायद्याने मंजूर न केलेला पैसा सरकारी खजिन्यातून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकत नाही, कारण राज्यघटनेने खजिन्याची किल्ली काँग्रेसच्या हाती दिली आहे.

त्या निकालाशी मी भांडत नाही. उलट, आपल्याला लिहिण्याचे कारणच तो निकाल आहे. न्यायालय म्हणते, आमच्याकडे येऊ नका, काँग्रेसकडे जा. म्हणून आलो आहे.

उरतो तो लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचा मार्ग. ही मंडळे १९४६ च्या कायद्याने निर्माण झाली, आणि तीही काँग्रेसच्याच सोयीसाठी, कारण त्यापूर्वी एकेका सैनिकाच्या तक्रारीसाठी स्वतंत्र खाजगी विधेयके आणावी लागत आणि सभागृहाचा वेळ त्यातच जाई. नोंदीतली चूक दुरुस्त करणे आणि अन्याय दूर करणे असे दोन्ही अधिकार मंडळाला आहेत. करार वेळेवर आणि पूर्ण झाला होता अशी नोंद करून बोनस द्यायला लावणे मंडळाला शक्य आहे आणि काही प्रकरणांत त्याने तसे केलेही आहे. या मार्गाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तिथे एकाला मिळते आणि तशाच दुसऱ्याला मिळत नाही. समक्ष सुनावणीचा हक्क नाही. निर्णयाला दीर्घ काळ लागतो, आणि त्या काळात दुसरे घड्याळ थांबत नाही. संघराज्याच्या दाव्यांच्या न्यायालयात वेतनाचा दावा करायला सहा वर्षांची मुदत असते. मंडळाकडे अर्ज केला म्हणून ती मुदत पुढे जात नाही, असे त्या न्यायालयाच्या वरच्या अपील न्यायालयाच्या, म्हणजे फेडरल सर्किटच्या, पूर्ण पीठाने २००३ मध्ये ‘मार्टिनेझ’ खटल्यात ठरवले. शिस्तीत वाढलेला सैनिक आधी वरिष्ठांकडे जातो, मग धोरणाला अपवाद मागतो, मग मंडळाकडे जातो, आणि प्रत्येक पायरीवर निमूटपणे वाट पाहतो. जो जास्त निमूट, त्याची मुदत आधी संपते.

या संदर्भात या देशाच्या लष्कराच्याच इतिहासातली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. १ जानेवारी १७८१ रोजी, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, न्यू जर्सीतल्या हिवाळी छावणीत पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केले. पगार थकले होते, कपडे नव्हते, परंतु मुख्य वाद भरतीच्या कागदाचा होता. वीस डॉलरच्या बक्षिशीवर ‘तीन वर्षे किंवा युद्ध चालेपर्यंत’ अशा मोघम अटीने अनेकांनी सह्या केल्या होत्या. सैनिकांच्या मते तीन वर्षे झाली की ते मोकळे होते. अधिकाऱ्यांच्या मते युद्ध संपेपर्यंत ते बांधलेले होते. बंडखोरांना आपल्याकडे ओढायला इंग्रजांनी दूत पाठवले. सैनिकांनी ते दूत पकडून अमेरिकी सेनापतींच्या स्वाधीन केले आणि आपली मागणी मात्र सोडली नाही. अखेर राज्याच्या प्रतिनिधींनी तडजोड केली की, वीस डॉलरच्या बक्षिशीवर भरती होऊन तीन वर्षे पूर्ण केलेल्यांना मोकळे करावे, आणि ज्याचा कागद सापडत नाही त्याची शपथ ग्राह्य धरावी. बंडाचा मी पुरस्कार करीत नाही. तो इथे उद्देश नाही. परंतु तिजोरी रिकामी, सैन्य फुटण्याच्या बेतात आणि शत्रू दाराशी, अशा अवस्थेतल्या नव्या राज्याने कागदाअभावी सैनिकाच्या शपथेवर विश्वास ठेवला. आज सैनिकाजवळ कागद असतो, त्यावर सरकारच्या प्रतिनिधीची सही असते, आणि तरीही तो पुरेसा ठरत नाही.

आता माझी मागणी. वार्षिक संरक्षण कायद्याच्या पुढच्या मसुद्यात, सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बोनसच्या कलमांना जोडून, अशी तरतूद व्हावी की, दलाच्या नेमलेल्या प्रतिनिधीने बोनसच्या लेखी करारावर सही केली असेल आणि सैनिकाने किंवा अधिकाऱ्याने कबूल केलेली सेवा समाधानकारकपणे पूर्ण केली असेल, तर तो करार खात्याने स्वीकारला असे कायद्याने मानले जावे. अंतर्गत क्रमांक, सहीचा क्रम, फॉर्मची आवृत्ती अशा ज्या गोष्टी पूर्ण करणे सैनिकाच्या हातात नसते, त्यांतल्या त्रुटीने हा हक्क जाऊ नये. अपवाद एकच, तोही काँग्रेसने २०१६ मध्ये स्वतः लिहिलेला : आपण पात्र नाही हे त्या माणसाला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, असे पुराव्यांच्या तोलाने सिद्ध झाले पाहिजे, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची असली पाहिजे. वसुली माफ करण्यासाठी जी कसोटी न्याय्य ठरली, ती देणे देण्यासाठी अन्याय्य ठरण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी तरतूद मला पहिलीहूनही महत्त्वाची वाटते, जरी ती दिसायला किरकोळ आहे. करारात त्रुटी आहे असे खात्याचे म्हणणे असेल, तर सही झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत ते लेखी कळवण्याचे बंधन असावे. न कळवल्यास ती त्रुटी नंतर पुढे करता येऊ नये. वेळेत कळवल्यास त्या माणसाला दोनांपैकी एक निवडता यावे, त्रुटी दुरुस्त करून पुढे जाणे किंवा सेवेच्या त्या हमीतून मुक्त होणे. माझे म्हणणे ज्या बिंदूवर येऊन थांबते तो हाच आहे. पहिल्या तीन महिन्यांत मला सांगितले असते की हा बोनस मिळणार नाही, तर मी कदाचित दुसऱ्या राज्यातल्या तुकडीत गेलो असतो, कदाचित गणवेश उतरवून ठेवला असता, आणि कदाचित बोनसशिवायही तिथेच राहिलो असतो. निर्णय माझा असता. तीन वर्षांनंतर सांगितल्यामुळे सरकारला जे हवे होते ते पूर्ण मिळाले, आणि मला निवडीचा हक्क उरला नाही. यात कोणी ठरवून फसवणूक केली असे मी म्हणत नाही. परंतु उशिराचा फायदा नेहमी एकाच बाजूला मिळत असेल, तर लवकर उत्तर देण्याची घाई त्या बाजूला कशी असणार?

मुदतीबद्दलही एक वाक्य त्यात घालता येईल, की मंडळाकडचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत न्यायालयाची सहा वर्षांची मुदत थांबावी.

यावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींची मला कल्पना आहे. पहिली पैशाची. बोनससाठीचा निधी मर्यादित असतो, नियंत्रण क्रमांक हा त्या मर्यादेचा पहारेकरी आहे, तो हटवला तर कॅलिफोर्निया पुन्हा घडेल, असे म्हटले जाईल. पहारेकरी हटवा असे मी म्हणत नाही. क्रमांकाशिवाय करारावर सही करणाऱ्या कर्मचाऱ्यावर खात्याने खुशाल कारवाई करावी. मंजुरीशिवाय करारपत्र छापलेच जाणार नाही अशी संगणक प्रणाली करावी, जे आजच्या काळात अवघड नाही. एवढेच म्हणतो की, खात्याने स्वतःच्या माणसांवर ठेवायचा धाक सैनिकाच्या खिशातून वसूल करू नये. शिवाय, चुकीची किंमत खात्याला मोजावी लागली तर चुका कमी होतील. आज ती किंमत शून्य आहे. दुसरी हरकत अशी असेल की, अधिकारी हा सुशिक्षित माणूस, त्याने सही करण्यापूर्वी नियम वाचायला हवेत. नियम मी वाचले होते आणि करारही वाचला होता. क्रमांकासाठी त्यात एक चौकोन होता. तो कार्यालयाने भरायचा होता आणि मला देण्यात आलेल्या प्रतीत तो भरलेला होता. कोणत्या तारखेला भरला, हे त्या चौकोनावरून कळण्याची सोय नव्हती.

तिसरी हरकत कोणी उघड घेणार नाही, पण ती मी आपल्याच लोकांकडून ऐकली आहे, म्हणून तिचाही उल्लेख करतो. देशसेवा करणाऱ्याने पैशासाठी भांडावे का, असा तिचा सूर असतो. भारतातून आलेल्या आपल्या पिढीला सैन्यात जाताना बोनस मिळतो हीच गोष्ट मुळात ऐकायला नवी वाटते, त्यामुळे या प्रश्नामागचा संकोच मला समजतो. परंतु १९७३ पासून हा देश सक्तीची भरती करीत नाही. लोकांनी स्वेच्छेने यावे यासाठी वेतन, शिक्षण आणि बोनस यांची व्यवस्था काँग्रेसनेच उभारली आणि त्या व्यवस्थेच्या जोरावर हे सैन्य उभे आहे. बोनस ही कोणी मागितलेली भीक नाही आणि शौर्याचे बक्षीसही नाही. सरकारने स्वतःहून पुढे केलेली ती अट आहे. दहा हजार डॉलरनी माझे काही अडले नाही. परंतु विसाव्या वर्षी, महाविद्यालयाच्या फीचा हिशेब करून सही करणाऱ्या मुलाचे अडते.

म्हणूनच आपल्या मराठी कुटुंबांसाठी चार ओळी. अधिकारी होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते, शिपाई म्हणून ग्रीन कार्डावरही भरती होता येते. आपली मुले दोन्ही वाटांनी जात आहेत आणि घरात लष्कराचा अनुभव असलेले कोणी नसल्यामुळे भरती कार्यालयात सांगितले जाणारे सगळे ती प्रमाण मानतात. बोनसचे तोंडी आश्वासन हे आश्वासन नव्हे. परिशिष्टावर रक्कम, हप्ते, शाखेचा संकेतांक आणि नियंत्रण क्रमांक लिहिलेला आहे का ते पाहावे, क्रमांक कोणत्या तारखेला मंजूर झाला याची छापील प्रत मागावी, आणि सगळ्या सह्या झालेल्या कागदाची प्रत त्याच दिवशी घरी आणावी. पहिला हप्ता ठरलेल्या वेळी आला नाही तर त्याच आठवड्यात लेखी विचारणा करावी, फोनवर नाही. नागरिक झालेल्या पालकांनी आपल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला कळवण्यात संकोच करू नये. त्या कार्यालयांत अशा कामांसाठी माणसे नेमलेली असतात आणि सैनिकाने आपल्या प्रतिनिधीशी संपर्क साधण्याला कोणताही वरिष्ठ अडथळा आणू शकत नाही, कारण तो हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

ठाणेदारसाहेब, संरक्षण विधेयकाचा मसुदा सशस्त्र सेवा समितीत तयार होतो. त्या समितीतल्या, राखीव दलात किंवा गार्डमध्ये स्वतः सेवा केलेल्या सदस्यांपैकी कोणा एकापुढे, पक्ष न पाहता, आपण हा विषय ठेवावा आणि सभागृहात विधेयक येईल तेव्हा दुरुस्ती मांडण्याची तयारी ठेवावी, अशी विनंती आहे. तरतुदीचा इंग्रजी कच्चा मसुदा आणि मंडळाच्या प्रसिद्ध निर्णयांतून काढलेल्या अशा प्रकरणांची टिपणे मी आपल्या वॉशिंग्टनच्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवीत आहे. त्यात माझ्या प्रकरणाचे कागद नाहीत. या तरतुदीने जुन्या प्रकरणांना लाभ द्यायचा की फक्त पुढच्यांना, हे काँग्रेसने ठरवावे. फक्त पुढच्यांना द्यायचे ठरले तरी माझी मागणी मागे घेतली जाणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
अमेरिकी लष्कराच्या राखीव दलातील एक निवृत्त मराठी अधिकारी